वळणं तोंडपाठ

६ फेब्रुवारी, गुरुवार

ही वही खरं तर दुकानातली, मापं लिहायची. पहिल्या पाच पानांवर कुणाकुणाच्या छाती-कंबर-बाह्या आहेत, पुढची सगळी कोरी. शिलाईचं दुकान बंद केल्यापासून शिवणाच्या डब्यात पडून होती. निघताना पिशवीत टाकली. ताई म्हणाली, "लिही काहीतरी. तुला तिथे बरंच आठवेल."

मला काय आठवणार? या बेटावर आम्ही राहायचो तेव्हा मी चार ते सात वर्षांची, ती दहा ते तेरा. आठवणी सगळ्या तिच्याकडे. माझ्याकडे कापून उरलेल्या चिंध्या.

बाबा इथे ओव्हरसियर होते. बेटाला वळसा घालणारा समुद्रकाठचा रस्ता त्यांच्या देखरेखीखाली झाला. रस्ता पुरा झाला आणि बाबांनी नोकरीच सोडली. आईला दमट हवा मानवत नव्हती म्हणून, असं घरात सगळे म्हणायचे. पुढे चार वर्षांत बाबा झोपेतच गेले. त्याला आता पन्नास वर्षं झाली. इतक्या वर्षांत आम्हा दोघींना इथे यायचं कधी सुचलं नाही, आणि यंदा ताईने फोन करून थेट सांगितलं, "तिकिटं काढली आहेत. नवऱ्याला सांग, आठ दिवस स्वतःच्या हाताने चहा करून प्यायला शिक."

विमानतळाबाहेर पत्र्याच्या शेडखाली भाड्याच्या गाड्या मिळतात. तिथला माणूस पोटावर कागद ठेवून लिहितो, डोक्यावर गवती टोपी. आम्ही त्याचं नाव टोपीवाला ठेवलं. ताईने ऑटोमॅटिक गाडी मागितली तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले. ज्या बाईने तीस वर्षं बायकांना गाडी शिकवली आणि "गिअर न बदलता चालवायची असेल तर लिफ्टमध्ये बसा," असं ज्याला त्याला सुनावलं, ती ही!

"वय झालं गं," म्हणाली.

फॉर्म माझ्याकडे सरकवला, चष्मा बॅगेत तळाशी गेलाय म्हणून. मी भरला. मग टोपीवाल्याला म्हणाली, "हिचंही नाव घाला. दुसरी ड्रायव्हर."

मी म्हटलं, "मी? अगं, अठ्ठावीस वर्षांत मी गाडीला हात लावलेला नाही."

"लायसन्स आहे ना?"

आहे. तिनेच काढून दिलेलं आणि दर वेळी मानगुटीवर बसून नवीन करून घेतलेलं. घरी गाडी कायम हेच चालवतात. मी एकदा फाटकाला घासली, तेव्हापासून ते किल्ली दुसऱ्या खिळ्याला अडकवायला लागले. मीही पुन्हा मागितली नाही.

टोपीवाला गाडीवरचे आधीचे ओरखडे दाखवत होता आणि ताई एकेका दारावरून तळहात फिरवत होती, मी नवीन ताग्यावरून फिरवते तसा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खोली छान आहे. दोन पलंग, एक टेबल, भिंतीवर पाल. समोर समुद्र.

सकाळी नऊला निघालो. ताईची एक अट आहे: उन्हं चढल्यावर निघायचं आणि चारच्या आत परतायचं. मला वाटलं होतं पहाटे समुद्र बघायला मिळेल. पण गाडी तिची, हुकूम तिचा. हळू चालवते हल्ली. मागचे सगळे पुढे गेले, एक टेम्पोसुद्धा. पूर्वी असं कुणी पुढे गेलं की तिच्या तोंडून ऐकण्यासारखं काहीतरी निघायचं. आज गप्प.

मान आखडली असणार तिची. सारखी एका बाजूला वाकडी करून बघते, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. रात्री शेकायला पिशवी देऊ का विचारलं, तर "मानेला काय धाड भरलीय?" म्हणाली.

जेवायला थांबलो तिथे फळ्यावर सगळं लिहिलेलं होतं. म्हणाली, "तू मागवशील ते." हेही नवीनच. लहानपणी माझ्या ताटात काय वाढायचं तेसुद्धा ही ठरवायची.

एक गोष्ट खटकली, ती लिहून टाकते. तिथेच टोपीवाला भेटला. हात केला, हसला, आणि ही बाई त्याच्या तोंडाकडे बघत तशीच पुढे गेली. तो बिचारा ओशाळला. मी दोघींच्या वाटचं हसून घेतलं. ड्रायव्हिंग स्कूल बंद केल्यापासून ताई अशी तुटक झाली आहे. स्कूल तरी का बंद केलं? चांगलं चाललेलं, वर्षभर पुढची नावं लागलेली. विचारलं की एकच उत्तर: "कंटाळा आला."

८ फेब्रुवारी, शनिवार

आज बाबांचा रस्ता!

मला वाटलं होतं ती फार तर एखाददुसरी जागा ओळखेल. पण ताईला अख्खा रस्ता पाठ आहे. वळण यायच्या आधी सांगते. "आता डावीकडे, मोठं. मग उतार. उतार संपला की मोरी, गाडी जरा उडेल." आणि गाडी उडते! "आता उजवीकडे, मग लगेच पुन्हा उजवीकडे." फक्त टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. चौपन्न वर्षं, आणि एक वळण चुकलं नाही.

"कसं गं लक्षात राहिलं?"

"रोज जायचे ना बाबांबरोबर. जीपमध्ये पुढे."

हो, रोज जायची. शाळा सुटली की जीप फाटकाशी यायची, ताई उडी मारून पुढे बसायची आणि मी आईच्या पदराला धरून रडायची. मला गाडी लागायची, म्हणून मला नेत नसत. संध्याकाळी ही लाल मातीने माखून परत यायची आणि आईपुढे बाबांची अशी नक्कल करायची की आई हसून हसून पाटावर बसायची. मी तिच्या वेण्यांतली माती बघत राहायची. इतक्या वर्षांनी लिहिताना लाज वाटते, पण आज गाडीत पुन्हा तिचा तसाच हेवा वाटला. बाबा तिच्या वाट्याला जास्त आले. माझ्या वाट्याला एकच गोष्ट आली: सकाळचा पेपर. घराच्या पायरीवर बाबा बसायचे, मी शेजारी, आणि अक्षरं जुळवत मोठ्याने वाचायची. "वाच बारके, जीभ सुटू दे तुझी." सहा वर्षांची होते. मी चुकले तरी ते कधी रागावले नाहीत. पुढे ते जाईपर्यंत तो नेम चालला. हे ताईला नव्हतं. ते माझं.

चारच्या आत परतायचं म्हणून दुसऱ्या उजव्या वळणावरूनच मागे फिरलो. परतताना एका पाटीपाशी तिने विचारलं, "काय लिहिलंय गं?" एवढी मोठी अक्षरं, हातभर! मी म्हटलं, "चष्मा कुठाय तुझा?" तर म्हणाली, "तू वाच ना. तुझं वाचन चांगलं आहे." बरं वाटलं मला.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल काही नाही. समुद्रात पाय बुडवून बसलो.

आज भांडण. नारळ वाळवायचं मोठं मैदान आहे, तिथे ताईने गाडी थांबवली, उतरली, माझ्या बाजूला आली आणि म्हणाली, "सरक तिकडे."

"मी नाही."

"बारके, सरक."

तिच्या शिकाऊ बायकांशी बोलायचा आवाज. त्या आवाजाला मी घाबरते. सरकले. ब्रेक कुठला, ॲक्सिलरेटर कुठला, आरसे लाव, पट्टा लाव. गाडी निघाली, खरं सांगायचं तर अगदी मऊ निघाली. मैदानाला चार फेऱ्या झाल्या. पाचवीला एक कुत्रं आडवं आलं आणि मी ब्रेक असा दाबला की तिची पर्स समोरच्या काचेवर आपटली. कुत्रं निवांत बसून खाजवत होतं. मी उतरून चालायला लागले. ती मागून हाका मारत होती, "छान चालवलीस, ये!" मी म्हटलं, "तुझी हौस माझ्यावर का भागवतेस? इथे आराम करायला आलोय, परीक्षेला नाही."

ती पर्स उचलून बॉनेटला टेकली. मग म्हणाली, "उद्या घर बघायला जाऊ. रस्त्याच्या टोकाला आहे. नेते मी तुला."

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज ओळीसुद्धा सरळ येत नाहीत. अक्षर बघा.

सगळं नीट चाललं होतं. मोरी झाली, दोन उजवी वळणं झाली. ताई खुशीत होती, स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होती. "आता टेकडी येईल. तिला डावीकडून वळसा."

टेकडी आली. पण रस्ता डावीकडे जात नव्हता. सरळ जात होता, नव्या पुलावर. डावीकडे जुन्या रस्त्याचा तुकडा होता, त्यात गवत माजलेलं, तोंडाशी पांढरे रंगवलेले दगड मांडलेले. आणि दगडांशी एक माणूस उकिडवा बसून शेवटचा दगड रंगवत होता.

ताईने गाडी डावीकडे घातली.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. तिने ब्रेक मारला, पण पुढचं चाक दगडावर चढलं, खालून काहीतरी फाटल्याचा आवाज आला आणि गाडी तिरकी थांबली. तो माणूस गवतात पडला होता. रंगाचा डबा उलटून पांढरा ओघळ चाकाखाली गेला.

तो उठला. अंगावर रंग, कोपर खरचटलेलं, बाकी धड होता. देवाची कृपा. तो संतापून खिडकीशी आला.

"डोळे फुटले का, बाई?"

ताई समोर बघत बसली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जसे ती शिकवायची तसे.

"हो," ती म्हणाली.

त्याला वाटलं ती उलट बोलतेय. मलाही तेच वाटलं. मग ती त्याच्याकडे वळली, पण तोंड त्याच्या खांद्याकडे, मान वाकडी, आणि मला एकदम सगळं दिसलं. फॉर्म, फळा, पाट्या, टोपीवाला, चारच्या आत परतणं. सहा दिवस मी शेजारी बसून काय बघत होते?

"मधलं दिसत नाही मला," ती त्याला म्हणाली. मला नाही, त्याला. "कडेचं दिसतं. तुम्ही बसला होतात ते दिसलं नाही. चूक माझी आहे. तुम्हाला फार लागलंय का?"

तो गोंधळला. रागाचं काय करावं ते त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "हा रस्ता बंद होऊन बारा वर्षं झाली. दरड कोसळते म्हणून." आणि खाली वाकून बंपरचा लोंबता तुकडा काढून मागच्या सीटवर ठेवला. माझ्याकडच्या पाण्याने मी त्याचं कोपर धुतलं, रुमाल बांधला. जाताना त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता त्यांना चालवू देऊ नका."

तो गेल्यावर मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. "हजार बायकांना शिकवलंस! पहिल्या दिवशी काय सांगायचीस? गाडी म्हणजे हातात दिलेला दुसऱ्याचा जीव. तो माणूस मेला असता, ताई." ती दगडावर बसून ऐकत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "दीड वर्ष झालं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, औषध नाही. स्कूल त्याच आठवड्यात बंद केलं. त्यानंतर शहरात एकदाही चालवली नाही, शपथ घेऊन सांगते. इथे वाटलं, हा रस्ता मला दिसायला नको. पाठ आहे. एकदाच चालवून बघावी."

"आणि मी शेजारी बसलेली?"

यावर ती रडली. तिला मी आईच्या वेळीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

मग किल्ली माझ्या हातात दिली. ड्रायव्हरच्या सीटवर बसले, आरसे लावले, पट्टा लावला. मागे घेतली, दगडावरून उतरवली, वळवली. शेजारून ती म्हणत होती, "आता डावीकडे, लगेच पुन्हा डावीकडे."

"मला दिसतंय, ताई."

"माहितेय. मला म्हणू दे."

म्हणत राहिली. मी ऐकत राहिले. बावीस किलोमीटर.

टोपीवाल्याला फोन करून खरं काय ते सांगितलं. तो आला, बंपर बघून चुकचुकला. मग त्याने टोपी काढून ताईला विचारलं, "आता चालवणार कोण?" मी म्हटलं, "मी." माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताई नको म्हणत होती. मी म्हटलं, "घर न बघता परत जायचं? बस गाडीत."

पुलावरून गेलो. जुन्या तुकड्याशी तो माणूस नव्हता, दगड सरळ करून पुन्हा रंगवलेले होते.

घर आहे! आता तिथे दवाखाना आहे, भिंती निळ्या. नर्सबाई भली होती. "पेशंट नाहीत, बघा निवांत," म्हणाली. स्वयंपाकघरात औषधांचं कपाट, आई-बाबांच्या खोलीत तपासायचं टेबल आणि वजनकाटा. ताई भिंतीला हात लावत फिरली. मागच्या दाराची पायरी तीच होती, मध्ये झिजलेली. तिथे बसले आणि मला पेपरचा वास आला, खरंच आला. बाबांचा लेंगा, शेजारी पितळी पेला, आणि वाचत असताना माझ्याकडे झुकलेलं त्यांचं डोकं. जरासं तिरकं.

मी ताईकडे बघितलं. ती दारात उभी होती, मान तश्शीच वाकडी.

"ताई, बाबांना..."

"हो."

ती माझ्या शेजारी बसली. "म्हणून मला न्यायचे जीपमध्ये. पुढे मजूर असले, दगड असला, वळण आलं की मी सांगायचे. कुणाला कळू द्यायचं नाही, आईलासुद्धा नाही, असं म्हणाले होते. मी दहा वर्षांची. रोज दुपारी एकच भीती: आज चुकले तर? तुला वाटायचं मी मजा करायला जाते. मला वाटायचं, हिला गाडी लागते, किती नशीबवान आहे ही. शेवटी शेवटी त्यांना नकाशेही दिसेनात, तेव्हा नोकरी सोडली. हवेचं कारण आईसाठी होतं."

चौपन्न वर्षं मी हिचा हेवा करत होते. आता त्याचं काय करू?

मी म्हटलं, "मग माझा पेपर? तोही त्यासाठीच?" मला ते विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

तिने उत्तराला वेळ घेतला. खोटं बोलत असती तर घेतला नसता. "सुरुवात त्यासाठीच असेल. पण बारके, पेपर वाचायला ऑफिसात दोन कारकून होते. ते वाचायचेही. बाबा ऑफिसात सगळा पेपर ऐकून संध्याकाळी यायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शिळा पेपर तुझ्यापुढे धरायचे."

नर्सबाईने पाणी आणून दिलं. आम्ही दोघी म्हाताऱ्या पायरीवर बसून रडतोय हे बघून तिने नुसतं ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेली.

उठताना ताई म्हणाली, "परत गेल्यावर तूही डोळे तपासून घे. त्यासाठीच आणलं तुला खरं तर. रोज सांगायचं ठरवायचे." मी हो म्हटलं. भीती वाटली का? वाटली. पण त्या वेळी मला घराची खिडकी, निळी भिंत, अंगणातलं वाळत घातलेलं पांढरं कापड सगळं इतकं लख्ख दिसत होतं की मी तिला एकेक करून सांगत बसले. कापडाची किनार कशी मुडपलीय तेसुद्धा. ती म्हणाली, "हळू सांग. घाई नाही."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

विमानात बसून लिहितेय. हे न्यायला येणार आहेत. फोनवर विचारत होते, "गाडीची मोडतोड तुम्ही केलीत म्हणे?" मी म्हटलं, "घरी आल्यावर सांगते. आणि किल्ली आणा बरोबर, मला लागेल."

सकाळची गोष्ट लिहायची राहिली. खोलीपासून विमानतळापर्यंत पाऊण तासाचा रस्ता. हा बाबांचा नाही, नवा, ताईला पाठ नाही. निघाल्यावर थोडा वेळ ती विचारत राहिली, पुढे काय आहे, मागे कोण आहे. मी सांगत गेले. ट्रक आहे, जाऊ देते त्याला. सायकलवर बाई आहे, मागे पोरगी. डावीकडे समुद्र, भरती आहे.

मग ती विचारायची थांबली. मला वाटलं रुसली. सिग्नलला बघितलं तर डोकं दाराला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हात मांडीत सुटे पडलेले.

शेजारच्या सीटवर बसून ती तीस वर्षं जगली. नवशिक्या बायका गाडी कुठे नेऊन घालतील याचा नेम नाही, म्हणून उजवा पाय कायम ताठ, डोळा कायम रस्त्यावर. आम्ही कुठे निघालो, मग टॅक्सी असो की माझ्या नवऱ्याची गाडी, ही शेवटपर्यंत टक्क जागी. "दुसऱ्याच्या हातात गाडी असताना मला डुलकी लागत नाही," म्हणायची. लागलेली मी खरंच कधी पाहिली नाही.

सिग्नल हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजवायला लागला. मी गाडी इतकी अलगद काढली की तिची मान हललीसुद्धा नाही. विमानतळाची पाटी आली तेव्हा हातात वेळ होता. मी वळले नाही, तशीच सरळ गेले, समुद्राकाठाने, अजून दहा मिनिटं तिला झोपू दिलं.